दादाच्या नावाचं पाकीट

त्या वसंतात आरोग्य केंद्राची पाकिटं घरी आली, तेव्हा माझ्या थोरल्या भावानं दोन्ही पाकिटं माझ्याच हातात दिली. एकावर माझं नाव होतं, मुन ग्यूशिक, वय छप्पन्न. दुसऱ्यावर त्याचं, मुन ग्यूपाल, वय एकसष्ट. प्रत्येकात प्लॅस्टिकची छोटी पिशवी आणि एक चपटी काडी होती. सकाळच्या शौचातला वाटाण्याएवढा नमुना पिशवीत घालायचा, तोंड बांधायचं आणि शनिवारच्या आत गावच्या सभागृहात नेऊन द्यायचा, असं पाकिटामागे छापलेलं होतं.

"दोन्ही तूच भर," दादा म्हणाला. "तुझं पोट म्हणजे देवळातल्या भिक्षूचं पोट. त्यात काय सापडणार आहे?"

मी हसलो, कारण हा प्रकार मला नवा नव्हता. तालुक्याच्या शाळेत मी तीस वर्षं ग्रंथालय सांभाळलं. नमुने द्यायच्या दिवशी अर्धा वर्ग एकाच मुलाच्या जिवावर पार पडायचा. एका वर्षी कुणीतरी कुत्र्याचं आणलं, ते सगळ्यांनी वाटून घेतलं आणि अख्ख्या वर्गाला रांगेत उभं करून कृमीच्या गोळ्या गिळायला लावल्या. हे मीच कधीतरी दादाला सांगितलं होतं. त्यामुळे कल्पना त्याची होती की माझी, हे मला अजून नीट ठरवता येत नाही.

दादाची अडचण मला कळत होती. सोमजिन नदीच्या घाटावर त्याची खानावळ होती. सकाळी धरलेला मासा तो जिवंत असतानाच सोलायचा, पातळ फोडी करायचा आणि मिरची-व्हिनेगरच्या चटणीबरोबर कच्चाच पुढे ठेवायचा. त्याच्या सुरीचं नाव होतं. रविवारी सुनचोन शहरातून माणसं यायची. आणि त्याच्या आदल्या वसंतात काय झालं होतं, तर ज्यांच्या पोटात नदीच्या कच्च्या माशातून येणारे कृमी सापडले, त्यांची नावं सरपंचानं गावच्या कर्ण्यावरून वाचून दाखवली होती. गोळ्या घेऊन जायला या, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण त्यात पंप दुरुस्त करणाऱ्या प्यो दोकमानचं नाव आलं आणि पुढे दोन महिने लोक त्याला वाटेत थांबवून त्याच्या कृमींची ख्यालीखुशाली विचारत राहिले. आदल्या वर्षी दादा त्या दिवसांत मुलीच्या बाळंतपणासाठी पुसानला गेला होता, म्हणून सुटला. या वर्षी कर्ण्यावरून त्याचं नाव आलं असतं, तर त्याच्या पाटावरचा मासा कुणी खाल्ला असता?

मी कच्चा मासा खात नव्हतो. लहानपणापासूनच. पहिला घास घेतला तेव्हाच ओकलो. बाबांना ते चालायचं नाही. नदीकाठच्या माणसानं मासा नाकारायचा म्हणजे आईचं दूध नाकारण्यासारखं, असं त्यांना वाटे. मग मेजाखालून माझ्या वाट्याच्या फोडी दादा काढून घ्यायचा आणि बाबा दुसरीकडे बघत असताना तोंडात टाकायचा. कितीतरी वर्षं तो दोघांचं खात आला. तेव्हा एका सकाळी मी दोघांच्या पिशव्या भरल्या, यात फार मोठं काही केलं असं मला वाटलं नाही. थोडी लाज वाटली, ती दोन-दोन पाकिटं घेऊन संडासात जाण्याची. दोन्ही पाकिटं मी मागच्या अंगणात ठेवली. शनिवारी ती तिथून गेली होती.

महिन्याभरानं निकाल आला. मुन ग्यूशिक, स्वच्छ. मुन ग्यूपाल, स्वच्छ. कार्डावर निळा गोल शिक्का होता. दादानं आपलं कार्ड खानावळीच्या भिंतीवर, दरपत्रकाच्या शेजारी लावलं.

त्याला पहिली हुडहुडी भरली ती भर उन्हाळ्यात. दुपारची वेळ, झाडाचं पान हलत नव्हतं आणि दादा टोपलीतले मासे काढता काढता एकदम थांबला. मी पलीकडे बाकावर वाचत बसलो होतो. त्यानं सुरी खाली ठेवली, दोन्ही हात काखेत घातले आणि म्हणाला, थंडी वाजतेय. मला वाटलं थट्टा करतोय. तेवढ्यात त्याचे दात वाजायला लागले. आम्ही त्याला आत नेलं, दोन दुलया घातल्या, वर मी बसलो, तरी दुलयांसकट तो हलत होता. अर्ध्या तासानं थरथर थांबली आणि मग पोटात कळ आली. उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली. तो गुडघे छातीशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडला. दादा दुखण्यात ओरडणारा नव्हता. तो फक्त श्वास मोजल्यासारखा घ्यायचा.

माझ्या वहिनीचं माहेर हादोंगचं, म्हणून गाव तिला हादोंगवाली म्हणतं. ती ताटलीवरचं झाकण उचलावं तितक्या सहज कामाला लागली. अन्न अडकलंय, ती म्हणाली. आमच्याकडे पोटाचं अर्ध्याहून जास्त दुखणं म्हणजे अन्न अडकणं. खांद्यापासून मनगटापर्यंत हात चोळून रक्त खाली आणायचं, अंगठ्याला दोरा घट्ट गुंडाळायचा, सुई केसांतून दोनदा फिरवायची आणि नखाच्या मुळाशी टोचायची. काळं रक्त आलं की अडकलेलं सुटलं. वहिनीनं टोचलं. टपोरा थेंब आला, आणि तो काळाच होता.

"बघा, किती काळं," ती मला म्हणाली. "भावोजी, बघितलंत ना? तुमच्या पुस्तकात हे नसेल."

दादानं मोठी ढेकर दिली. संध्याकाळपर्यंत त्याचं दुखणं उतरलं. दुसऱ्या दिवशी तो घाटावर होता.

घट्ट बांधलेल्या बोटातून येणारं रक्त काळसरच असतं, हे मी वाचलेलं होतं. पण मी तसं म्हणालो नाही. माणूस समोर उठून बसलेला असताना असं बोलायचं कसं, हे मला सुचत नाही. वाचलेलं खरं असतं, यावर माझा विश्वास आहे. पण ते माझ्यासमोरच्या माणसाला लागू पडतं का, हे मला उभ्या आयुष्यात कधी खात्रीनं सांगता आलेलं नाही.

मात्र मी माझ्या खोलीत जाऊन घरगुती औषधांचा जाडजूड कोश काढला. एकदम थंडी वाजून मग पोटात दुखणं, याची कारणं मी वहीत उतरवून काढली. हिवताप पहिला होता. मग शिळं अन्न, विषमज्वर, आंत्रपुच्छ, मूत्रपिंडातला खडा. फुप्फुस सुजलं तरी कधी कधी पोट दुखतं, हे वाचून मला नवल वाटलं. यकृतातलं गळू. पित्ताच्या नळीतला खडा. आणि त्याच्या खाली, बारीक अक्षरात, नदीच्या माशातून आलेले कृमी पित्ताच्या नळ्यांत साचतात, नळ्या तुंबतात, आतलं पित्त सडतं, मग आधी हुडहुडी, नंतर उजव्या बरगडीखाली कळ, नंतर डोळे पिवळे. त्या ओळीखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली. मग खोडली. बाकी आठ कारणं असताना हेच का, असं वाटलं. मला ते माहीत होतं म्हणून मी तेच शोधत होतो, असंही वाटलं.

दुसरा झटका भाताच्या कापणीच्या आधी आला. तसाच. आधी थंडी, मग कळ, पण या वेळी ताप दोन दिवस राहिला. वहिनीनं दहाही बोटं टोचली. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली की आरोग्य केंद्रात दाखवून या, आणि त्याच्याबरोबर मला पाठवलं.

तिथला डॉक्टर म्हणजे लष्करी सेवेच्या बदल्यात तीन वर्षांसाठी आमच्याकडे पाठवलेला मुलगाच होता. हुशार होता, नीट तपासायचा. त्यानं दादाच्या उजव्या बरगडीखाली बोटं दाबली, तसा दादानं श्वास रोखला. डॉक्टरनं विचारलं, नदीकाठचे आहात, कच्चा मासा खाता? दादा म्हणाला, नदी आटेपर्यंत खाणार. डॉक्टर हसला. मग त्यानं केंद्राकडची दादाची नोंद उघडली आणि त्याचा चेहरा सैल झाला. वसंतातली तपासणी स्वच्छ आहे, तेव्हा ते नाही, तो म्हणाला. हिवतापासाठी रक्त घेऊ, जठराला सूज असेल, दारू कमी करा.

मी शेजारी स्टुलावर होतो. दादानं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणजे त्यानं मला गप्प राहा असं कधीच सांगितलं नाही. खरंच नाही. त्याला ती गोष्ट त्या क्षणी आठवत तरी होती का, मला माहीत नाही. त्याच्या लेखी तो शिक्का खरा झाला होता. भिंतीवर रोज दिसणारी वस्तू माणूस खरी मानायला लागतो.

रक्त द्यायला तो शेजारच्या खोलीत गेला आणि मी डॉक्टरबरोबर एकटा राहिलो. तीन मिनिटं असतील. एवढ्यासाठीच तर मी आलो होतो, असं मी मनात म्हटलं. माझ्या तोंडून जे निघालं ते असं:

"डॉक्टरसाहेब, माझं चुकत असेल, पण नमुन्यांची कधी अदलाबदल होते का हो?"

त्यानं लिहिता लिहिता मान वर केली. "म्हणजे? इथे?"

मी म्हणालो, इथे असं नाही, साधारणपणे, कुठेही. तो विचारात पडला आणि त्यानं नर्स योमबाईंना हाक मारली. योमबाई अकरा वर्षं गावोगाव फिरून पाकिटं गोळा करत होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला. माझ्या हातून अकरा वर्षांत एक पाकीट इकडचं तिकडं झालेलं नाही, त्या म्हणाल्या, आणि आतून नोंदवही आणून माझ्यासमोर उघडली. मुन ग्यूपाल, मुन ग्यूशिक, एकाखाली एक, त्यांच्या सुंदर अक्षरात.

"दोघा भावांचं एकदम स्वच्छ," त्या म्हणाल्या. "अख्ख्या गावात तुमचंच घर असं आहे. आणि तुम्ही माझ्यावर शंका घेता, आजोबा?"

मी उठून उभा राहिलो. कमरेत वाकून माफी मागितली. दोनदा मागितली. तुमच्याबद्दल नव्हतं म्हणायचं, असं म्हणालो. मग कुणाबद्दल, असं त्यांनी विचारलं असतं तर कदाचित मी सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. दादा बाही खाली करत आला आणि म्हणाला, आमच्या वाचणाऱ्या साहेबांनी काय उजेड पाडला आता? योमबाई म्हणाल्या, काही नाही, तुमचे भाऊ फार वाचतात. सगळे हसले. मीही हसलो.

परतीच्या बसमध्ये दादा माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. मी त्याला जागं करून तिथल्या तिथे परत नेऊ शकलो असतो. पुढच्या थांब्यावर उतरू, असं मी ठरवलं. तो थांबा गेला. मग त्याच्या पुढच्यावर, असं ठरवलं. अशा रीतीनं आम्ही घरी पोचलो.

मी हे लिहितो आहे म्हणजे मी दिवसरात्र तेच घोकत होतो, असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. तो बरा असला की मी विसरायचो. पुन्हा वाचायला लागायचो. हिवतापाची तपासणीही स्वच्छ आली, तेव्हा मला बरंच वाटलं, जणू आणखी एक वाईट गोष्ट टळली. ज्या गोष्टी टळत होत्या त्यांच्यामुळे उरलेली जवळ येत होती, हा साधा हिशेब मला कळत नव्हता असं नाही. मी तो मांडत नव्हतो.

तिसरा झटका थंडीच्या तोंडावर, किमचीच्या, म्हणजे कोबीचं लोणचं घालायच्या दिवशी आला. अंगणात दीडशे कोबीचे गड्डे मिठातून काढून ठेवले होते, शेजारणी हातात रबरी मोजे घालून बसल्या होत्या. मिरचीच्या मसाल्याचं घमेलं उचलताना दादा तसाच थबकला. घमेलं सांडलं. लाल मसाल्यात तो उकिडवा बसला आणि थडथडायला लागला. बायका आधी हसल्या, कारण सगळा मसाला त्याच्या विजारीवर होता. मग हसू थांबलं.

आम्ही त्याला आत, चुलीच्या बाजूच्या गरम जमिनीवर निजवलं. तीन दिवसांपूर्वी तो पलीकडच्या गावात एका मयताच्या घरी जेवून आला होता. शेजारची कुर्येवाली म्हातारी म्हणाली, मेलेल्याची थंडी बरोबर आलीय. तिनं भाताची पेज कालवली, दादाच्या डोक्यावरून ओवाळली आणि स्वयंपाकघरातली सुरी फाटकाकडे भिरकावली. सुरीचं टोक घराकडे पडलं. तिनं पुन्हा भिरकावली. तिसऱ्यांदा टोक बाहेर गेलं, तेव्हा ती म्हणाली, गेलं. वहिनी अंगठ्याला दोरा गुंडाळत होती. मी त्याच्या उशाशी होतो, आणि खिडकीतून ऊन त्याच्या तोंडावर पडलं होतं. त्याचे डोळे पिवळे होते.

"वहिनी, डोळे बघा," मी म्हणालो.

"पर्सिमनची केशरी फळं खातायत महिनाभर. रोज दहा-दहा," ती न बघता म्हणाली. "त्यानं होतं."

मी म्हणालो, शहरात नेऊ या. माझा आवाज फार बारीक निघाला असावा, कारण कुणी मान वळवली नाही. मी पुन्हा म्हणालो. मग उठलो, अंगणातून धावत दोकमानच्या घरी गेलो आणि त्याचा ट्रक मागितला. मला धावताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तो काही न विचारता चावी घेऊन निघाला.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात त्यांनी पोटाची चित्रं काढली, नळी घालून तुंबलेलं पित्त बाहेर काढलं, शिरेतून औषधं दिली. दोन दिवसांनी दादाचा ताप उतरला. त्यानं मला विचारलं, या पोरीबाळी मला काय समजतात, सकाळ-संध्याकाळ पोट उघडं करायला लावतात. तो थट्टा करायला लागला म्हणजे सुटलो, असं मला वाटलं. त्याच दुपारी वयस्क डॉक्टरांनी वहिनीला आणि मला त्यांच्या खोलीत बोलावलं. दादाची मुलगी पुसानहून निघाली होती, पोचली नव्हती.

त्यांनी चित्र उजेडासमोर धरलं. पित्ताच्या नळ्या बोटासारख्या फुगल्या होत्या. जिथे त्या एकत्र येतात तिथे एक पांढरट गाठ होती. काढता येण्यासारखी नव्हती. बाहेर काढलेल्या पित्तात कृमी होते. खूप होते.

मी विचारलं, किती दिवसांचे असतील?

"दिवसांचे नाही. वीस वर्षं, तीस वर्षं. माणूस खात राहतो, ते साठत राहतात."

"वसंतात कळलं असतं तर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "गोळ्यांनी कृमी गेले असते. गाठ तेव्हा होती की नाही, आज सांगता येत नाही. असेलही, नसेलही."

सांगता येत नाही. हे वाक्य मी जन्मभर वापरत आलो. दुसऱ्याच्या तोंडून ते कसं लागतं, हे मला त्या दिवशी समजलं. ते हो म्हणाले असते तर मी निदान माझ्यावर काय आहे ते उचलून चालायला लागलो असतो. नाही म्हणाले असते तर खाली ठेवलं असतं.

बाहेर आल्यावर वहिनी जिन्याखालच्या बाकावर बसली. किती दिवस, हे तिनं डॉक्टरांना विचारलं नव्हतं, मीही नव्हतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली की ह्यांना खडे झालेत म्हणून सांगायचं. पित्तातले खडे, काढले, आता बरं वाटेल. आमच्याकडे कुणी तोंडावर असं सांगत नाही की तू मरणार. डॉक्टरही सांगत नाहीत, घरच्यांना विचारतात. तुम्ही सांगा भावोजी, ती म्हणाली. माझ्या चेहऱ्यावर दिसेल.

मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी म्हणालो, "वहिनी, वसंतात ते पाकीट भरलं होतं ना, ते दादाचं..."

"माहीत आहे."

मी बाकाच्या कडेवर टेकलो.

"अंगणातून उचलून सभागृहात मीच नेऊन दिली की दोन्ही," ती म्हणाली. "एरवी संडासात जाताना तुम्ही कधी कुणाला दिसत नाही, आणि त्या दिवशी सकाळी सकाळी दोन-दोन पाकिटं घेऊन आत गेलात." ती थोडं हसली, म्हणजे हसण्यासारखं काहीतरी झालं. मग तिनं हातरुमालाची घडी केली, उलगडली, परत केली. "मला काय कळत नव्हतं होय, सुई टोचून काय होतंय ते? पण सुई टोचली नसती तर मी काय करत बसले असते? बोलले असते, तर ह्यांची सुरी बंद. मला म्हणाले होते, सुरी बंद झाली तर मी नदीत जाऊन पडेन."

"दादा तुम्हाला असं म्हणाला होता?"

"तुम्हाला नाही म्हणाले?"

मला नव्हता म्हणाला. माझ्याजवळ त्यानं फक्त थट्टा केली होती. मला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली, आणि ती सांगायला आजही जड जातं. इतके महिने मला वाटत होतं की खरं काय ते एकट्या मला माहीत आहे, आणि तेवढ्यापुरता मी त्या घरात कुणीतरी होतो. प्रत्यक्षात आम्ही दोघं एकाच गोष्टीवर दोन बाजूंनी झाकण धरून बसलो होतो. तिला वाटत होतं वाचणारा माणूस बोलेल. मला वाटत होतं, बायको बोलेल.

ती म्हणाली, आता हे कुणाजवळ काढायचं नाही. पोरीजवळसुद्धा नाही. आणि मला वर पाठवलं.

दादा खिडकीकडे तोंड करून उशीला टेकून बसला होता. पोटातून निघालेली नळी पलंगाला बांधलेल्या पिशवीत जात होती, आणि पिशवीत हिरवट काळं पाणी होतं. त्याचं अंग इतकं पिवळं झालं होतं की चादर निळी वाटत होती. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यानं त्याला एक संत्रं दिलं होतं. ते तो नुसतंच हातात धरून होता.

"काय म्हणाला म्हातारा डॉक्टर?"

मी खुर्ची ओढली. खडे आहेत म्हणाले, मी सांगितलं. पित्ताच्या नळीत. बरेचसे काढले.

"खडे."

"हो."

त्यानं संत्रं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मला वाटलं, तो ओळखणार. लहानपणापासून मी खोटं बोललो की माझे कान लाल होतात, आणि ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी कानांवर केस ओढायला लागलो, आणि आपण काय करतो आहोत हे लक्षात येऊन हात खाली घेतला. पण तो माझ्याकडे बघत नव्हता. तो पिशवीकडे बघत होता.

"ग्यूशिक," तो म्हणाला. एरवी थट्टेनं म्हणायचा तसं त्यानं मला साहेब म्हटलं नाही. "मग मासळीचं काही नव्हतं ना?"

त्याच्या आवाजात काय होतं ते मला कसं सांगावं कळत नाही. तो माणूस स्वतःच्या जिवाबद्दल विचारत नव्हता. चाळीस वर्षं त्यानं लोकांना पाटावरून काय वाढलं, ते विचारत होता. बाबांना, मला वगळून घरातल्या सगळ्यांना, रविवारी येणाऱ्या पोराबाळांना. आणि तो मला विचारत होता, कारण मी वाचलेलं होतं, आणि वाचलेलं नसलं की मी तसं कबूल करायचो.

माझ्याजवळ दोन उत्तरं होती. खरं उत्तर दिलं असतं, तर निदान वहिनीनं घाटावरचा पाट उचलून ठेवला असता, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याच पाटावरचं खाणारी दोकमानची म्हातारी होती, सुनचोनची माणसं होती. ते सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं. आणि समोर तो होता.

"नव्हतं," मी म्हणालो. "मासळीचा काही संबंध नाही. खडे कुणालाही होतात."

‘कदाचित’ हा शब्द मी वापरला नाही. माझं चुकत असेल, असं म्हणालो नाही. त्याचे खांदे खाली आले. त्यानं डोळे मिटले, आणि बऱ्याच दिवसांनी मला त्याचा चेहरा सैल झालेला दिसला.

"मग गावात गेलास की सांग सगळ्यांना," तो म्हणाला. "उगाच कुणी काही बोलायला नको. आणि तिला म्हणावं रविवारी बंद ठेवू नको. दोकमानला येतं थोडंफार कापायला."

सांगतो, मी म्हणालो. आणि गावात गेल्यावर मी सांगितलंही. प्रत्येकाला सांगितलं, खडे आहेत म्हणून. लोक म्हणाले, बरं झालं, आम्ही काहीबाही ऐकलं होतं. रविवारी खानावळ उघडी होती.

पण ते नंतर. त्या दुपारी तो थोडा वेळ झोपला. मी खुर्चीतच बसून होतो. वहिनी अजून खालून आली नव्हती. मग त्याच्या हातातलं संत्रं चादरीवर सुटलं, आणि मी पाहिलं की पलंगाची लोखंडी कड हलते आहे. आधी मला वाटलं खाली रस्त्यावरून ट्रक जातोय. त्याचे दात वाजत होते. त्यानं डोळे उघडले आणि मला म्हणाला, थंडी वाजतेय रे. मी त्याच्या अंगावर माझा कोट टाकला, मग दुसऱ्या पलंगावरची दुलई मागून आणली, आणि कळ यायच्या आधी कुणालातरी बोलवावं म्हणून दाराकडे गेलो.